खेळाआधीची पाटी

नीलम तेलगोटे अतोनात भित्री आहे, म्हणूनच आम्ही तिला नोकरीवर घेतलं. हसू नका, खरं सांगतेय. अमरावतीला गाडगेनगरात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्यांत माझा नवरा कुंदन आणि मी कॉम्प्युटरवर खेळायचे भीतीचे खेळ बनवतो. तो खेळ बांधतो, मी गोष्ट लिहिते. भूत-हडळवाले नव्हे, डोक्यात घुसून बसणारे. खेळून बघायला माणूस हवा म्हणून जाहिरात दिली, तर पाच जण आले. त्यातले चार शूरवीर. "आपल्याले काही भेव-गिव नाही लागत मॅडम," म्हणून छाती काढून बसलेले. पाचवी नीलम. भर दुपारी मोबाइलचा टॉर्च लावून जिना चढून आली आणि खुर्चीवर टेकायच्या आधी विचारते, "मॅडम, इथं पाली हायत का?" मी कुंदनला म्हटलं, हीच पाहिजे.

ती अकोटची. वडील जानराव कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आई कौशल्याबाई घर सांभाळते, धाकटा भाऊ शिवम अकोल्याला खोली करून शिकतो. घरात कॉम्प्युटरला हात लावणारी ती पहिली, त्यामुळे घरच्यांना तिचा केवढा अभिमान. आता ही पोरगी दिवसभर बसून घाबरण्याचा पगार घेते हे तिनं त्यांना कसं समजावलं असेल, देव जाणे.

पण कामाची पद्धत बघाल तर मानाल. खेळताना हेडफोन एकाच कानात, दुसरा कान मोकळा. शेजारी दोनशे पानी वही आणि लाल पेन. दचकली की एक टिंब. छाती धडधडली की दोन. उठून गॅलरीत पळाली की तीन. दार करकरलं तरी दोन टिंबं देणारी बाई ती! मग त्या वहीवरून ती पाटी लिहायची. पाटी म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर येते ती सूचना: या खेळात रक्त आहे, बंद खोलीत कोंडणं आहे, लहान मुलाचं रडणं आहे, झेपत नसेल तर खेळू नका.

कुंदनला ती पाटी आवडत नसे. "सगळं आधीच सांगून टाकलं तर लोकांना भेव काय वाटेल?" असं त्याचं चालायचं. तेव्हा ही सशाच्या काळजाची पोरगी त्याच्याशी भांडायची. "सर, ज्याले झेपत नाही त्याले पळू तं द्या!" मी तिच्या बाजूनं. त्याचं कारण माझं मला माहीत. आपल्याकडे वाईट निरोप कुणी सरळ देतच नाही. माझे बाबा गेले तेव्हा तिवश्याहून भावाचा फोन आला, "बाबांची तब्येत जास्त आहे, निघ." मी वाटेत त्यांच्यासाठी दोन किलो मोसंबी घेतली. ती पिशवी घेऊन फाटकाशी उतरले तर अंगणात माणसंच माणसं आणि भिंतीला टेकवून ठेवलेले बांबू. मोसंबी कुणाच्या हातात द्यावी हेही मला सुचेना. भावाशी मी त्यावरून वर्षभर बोलले नाही.

तर यंदाचा खेळ. वरूडकडच्या संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये घडणारा. एक बहीण हरवलेल्या भावाला शोधत त्या शेडमध्ये फिरते. सहा भाग. शेवटच्या भागात भाऊ सापडतो, तो जीव द्यायला निघालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच खेळणाऱ्याच्या हातातली सगळी बटणं बंद पडतात. हाक मारता येत नाही, धावता येत नाही. नुसतं बघायचं. हा प्रसंग मी लिहिला आणि मला त्याचा भारी अभिमान होता, लाज वाटते सांगायला.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही तो खेळ छत्तीस जणांना चाचणीसाठी पाठवला. लोकांनी आपणहून नावं नोंदवली होती. अशा प्रतीत एक सोय असते, कोणता खेळाडू कुठल्या भागात आहे ते आम्हाला इकडे दिसतं. कुंदन ते बघत बसला होता, नीलम चहा घेत होती आणि मी पहिल्यांदाच निवांतपणे पाटी वाचायला घेतली. आधीच वाचायला पाहिजे होती, हा दोष माझाच. पण नीलमची पाटी कोण तपासतं?

रक्त होतं, अंधार होता, पाली होत्या. शेवटी लिहिलं होतं, "शेवटच्या भागात एका तरुणाची तब्येत बिघडते."

माझं डोकंच सटकलं. "नीलम, हे काय वं लिहिलं? तब्येत बिघडते? तो पोरगा जीव द्यायले जाते तिथं! सर्दी झाली का त्याले?"

 मी तिची वही ओढली. पाच भागांची पानं टिंबांनी भरलेली. सहाव्या भागाचं पान कोरं. एक टिंब नाही.

"शेवटचा भाग खेळली की नाही तू?"

"खेळली मॅडम. तीन डाव खेळली."

"मग?"

तिनं स्वतःचंच वाक्य परत वाचलं, ओठ हलवत, आणि तिचा चेहरा असा उतरला की माझा राग जागच्या जागी थंड झाला. "मले समजलंच नाही मी काय लिहिलं," ती म्हणाली. "मॅडम, मागच्या वर्षी आमच्या शिवमनं..." पुढचा शब्द येईना.  मग म्हणाली, "शिवमचं पोट दुखलं होतं."

"पोट?"

"आमी सगळ्यायले तसंच सांगितलं. आई म्हने, पोराले नोकरी लागाची हाय, लग्न व्हाचं हाय, लोकं काय म्हनतीन. पोटच म्हना. दवाखान्यातून घरी आनलं तं त्याच्यासमोर पन पोटच म्हनलं. आता तो पन पोटच म्हनते. कावून केलं त्यानं तसं, आजपर्यंत कोनी इचारलं नाही. मी पन नाही."

 तिकडून कुंदन म्हणाला, "नीलम, तुझं आडनाव तेलगोटेच ना? एकोणीस नंबरला एक तेलगोटे आहे. शिवम. अकोला."

शिवमनं आपणहून नाव नोंदवलं होतं. ताईला सांगितलंही नव्हतं, तिला दाखवायचं असेल खेळून. आम्ही पडद्याशी धावलो. एकोणीस नंबर, भाग चौथा.

"बंद कर!" मी कुंदनवर ओरडले.

"एकदा त्याच्या कॉम्प्युटरवर उतरला की इकडून नाही बंद करता येत," तो म्हणाला. 

नीलमनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला तर बंद. मी गाडीची चावी उचलली. अकोला शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, पण त्या दिवशी ते अंतर संपता संपेना. बडनेरा ओलांडेपर्यंत नीलमनं शिवमचा नंबर सोडला नाही. नुसती फोन लावत होती आणि तीच बाई तेच सांगत होती, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गाडीतला एसी चालू होता आणि तरी माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

"आईला सांग," मी म्हटलं. "अकोट जवळ आहे, त्या लवकर पोहोचतील."

"काय सांगू तिले? पोट दुखते म्हनून?" आणि ती रडायला लागली.

लोणीच्या जवळ कुंदनचा फोन आला. "भाग पाच." एवढंच बोलून त्यानं ठेवला. मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. पाचव्या भागात काय काय आहे ते मीच लिहिलं होतं. कुठे माणूस खचेल, कुठे त्याला एकटं वाटेल, सगळं मोजून मापून. त्या पोराला मी एकेक पायरी खाली उतरवत होते आणि मला ब्रेक लावता येत नव्हता.

शिवमचा खोलीतला सोबती पिंटू रविवार म्हणून अकोटला घरी गेला होता, नीलमनं त्याला फोन लावला. त्याच्याकडून घरमालकाचा नंबर मिळाला. खुशालराव नाव, वय सत्तरच्या पुढे, गोरक्षण रोडला घर, खाली ते एकटेच राहतात आणि वर पोरं. नीलमनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काका, मी शिवमची बहीन. जरा वर जाऊन पाह्यता का त्याले?"

म्हातारा ओरडूनच बोलत होता. "आताच वर गेलतो टाकी पाह्याले! दार आतून लावेल हाय! आवाज देल्ला तं वो देत नाही! काऊन, काय झालं?"

मी तिच्याकडे बघितलं. बोल, बोल. 

"काही नाही काका," नीलम म्हणाली, "त्याचं पोट दुखून राह्यलं असन."

"अस्सं! मंग झोपला असन. झोपू द्या ना बाई पोराले!"

मी गाडी कडेला घेतली, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हॉर्न मारले, मारू दे. फोन तिच्या हातातून हिसकावला. "खुशालराव, ऐका. पोट-बिट काही नाही. पोरानं मागच्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आज पुन्हा करेल अशी भीती वाटतेय आम्हाला. वर जा, दार उघडलं नाही तर तोडा. आत्ता!"

 म्हातारा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "अरे बाप्पा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

त्यानंतर त्यांनी फोन उचललाच नाही. मूर्तिजापूर आलं, लावला, नाही. कुंदनचा आला. "शेवटचा भाग सुरू झालाय." मी नीलमला सांगितलं नाही. नाही सांगितलं! सरळ निरोपासाठी भावाशी वर्षभर अबोला धरणारी मी, "कुंदन जेवला का विचारत होता" असं म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. "मॅडम, मले सांगा," ती म्हणाली, "मी भित्री हाय, पन मले सांगा." मग मी सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी पुढचा डॅशबोर्ड घट्ट धरला आणि तशीच बसली.

बोरगाव मंजूला कुंदनचा पुन्हा फोन. "एकोणीस नंबर बंद झाला."

"खेळ संपला की त्यानं मधेच बंद केला?"

"कळत नाही, रश्मी. नुसता बंद दाखवतोय."

उरलेल्या रस्त्यातलं मला काही आठवत नाही. एवढं आठवतं की गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी फाटकाकडे बघायचं टाळत होते. फाटकाशी माणसं जमलेली असली तर? नीलमच म्हणाली, "कोनी नाही तिथं. मॅडम, कोनीच नाही." ते बरं की वाईट, दोघींनाही समजेना.

खालचं दार सताड उघडं, घरात कुणी नाही. टेबलावर खुशालरावांचा फोन पडलेला. जिना नीलमनं टॉर्च न लावता चढला, माझ्या पुढे, दोन दोन पायऱ्या टाकत. वरच्या खोलीच्या दाराची कडी उखडून लोंबत होती. आत पंखा फिरत होता, लॅपटॉप उघडा, हेडफोन खाली पडलेला. खोली रिकामी. नीलम दारातच मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

"अवं इकडं हावो! मांगं या, गच्चीवर!"

मागच्या गच्चीवर टिनाच्या सावलीत चटई टाकून दोघं बसले होते. खुशालराव विळीवर काकडी कापत होते आणि त्यांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन एक बारीक, डोळे सुजलेला पोरगा. जिवंत. नीलम त्याच्यावर जाऊन आदळली. आधी मिठी मारली, मग पाठीत दोन धपाटे घातले, मग पुन्हा मिठी. मी तिथेच उन्हात बसले.

"फोन कावून नाही उचलला हो?" मी म्हाताऱ्यावरच खेकसले. कुणावर तरी खेकसायलाच हवं होतं.

"दार तोडाले दोन हात लागतेत बाई, फोन खालीच राह्यला. मंग याले सोडून कसा जाऊ?" खुशालराव काकडीला मीठ लावत म्हणाले. "हा कानात ते घालून रडून राह्यलता. म्या सिद्धं इचारलं, पोरा, मराचा इचार हाय का तुह्या मनात? हा म्हने, हाव काका, येते कधी कधी. म्या म्हनलं, मंग चाल, एकटा नको बसू, भाईर बसू. एवढंच."

शिवम बहिणीकडे बघत होता. रागात नव्हता, त्यामुळे ऐकणं अजूनच जड गेलं.

"ताई, मी पाटी वाचली होती," तो म्हणाला. "दोन डाव वाचली. तसलं काही असतं तं खेळनारच नव्हतो मी. पन म्हनलं ताईनं लिहिली हाय. ताई भित्री, तिनं काहीच सोडलं नसन. तब्येत बिघडते म्हने. म्हनून गेलो पुढं. अन् मंग बटनंच बंद झाले."

"चुकली मी," नीलम म्हणाली. "लय मोठी चुकली."

"वर्ष झालं, पोट-पोट म्हनून थकलो मी, ताई."

मी त्याची माफी मागितली. तो प्रसंग माझा होता, मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बाकीच्या लोकायचं काय?" बाकीचे पस्तीस जण माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी कुंदनला फोन लावला, सगळ्यांना एकेक करून फोन कर, आता लगेच, आणि पाटी बदल. "काय लिहू?" कुंदननं विचारलं. मी फोन नीलमपुढे धरला. तिला तो शब्द यायला वेळ लागला, शिवमनं तिचा दंड धरून ठेवला होता. पण आला. "आत्महत्या," ती म्हणाली. "लिहा सर, शेवटच्या भागात एक तरुण आत्महत्येचा प्रयत्न करते, अन् तुमाले त्याले अडवता येत नाही. असा इचार ज्याच्या मनात येते त्यानं हा खेळ खेळू नये, अन् जवळच्या मानसाले आत्ता फोन करावा."

ती बोलत होती तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. आई. पिंटूच्या घरून अकोटात काहीतरी पोहोचलं असणार.

नीलमनं शिवमकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं स्पीकर लावला आणि म्हणाली, "जय भीम आई. आधी खाली बस. बसली? शिवम माह्याजवळ हाय, चांगला हाय. आता मी जे बोलतो ते पोटाचं नाही."

 कौशल्याबाई म्हणाल्या, "मले काय सांगतं माय? मीच तं पाह्यलं होतं त्याले पयले. तवापासून रोज भेव वाट्टे. इचारलं तं पुन्हा करन, म्हनून नाही इचारलं."

"आता इचार," नीलम म्हणाली आणि फोन भावाच्या हातात दिला.

कौशल्याबाईंनी विचारलं. लेकाला आपण काय विचारतोय ते त्यांनी शब्द न चोरता विचारलं, मध्ये दोनदा रडू आलं तरी पूर्ण विचारलं. शिवम खाली बघत म्हणाला, "येते आई. अजून येते कधी कधी. मले पन भेव वाट्टे त्याचं."

"मी येतो," कौशल्याबाई म्हणाल्या. "एका तासानं बस हाय. उद्या डाक्टरकडं जाऊ, मी संग येतो, अन् त्यायले खरं सांगू. तवर फोन ठेवू नको. काही पन बोल, पन बोलत राह्य."

आणि अकोटहून बस सुटून ती अकोल्याच्या स्टँडला लागेपर्यंत, गच्चीवरचं ऊन भिंतीवर चढून गेलं तरी, तो आईशी बोलत राहिला.